सहावी ते आठवीच्या मुलांना वाचन-लेखन कसं शिकवावं: नव्या शिक्षकांसाठी

सहावीच्या वर्गावर पहिल्यांदाच जाणाऱ्या शिक्षकाला एक गोष्ट धरून चालायला सांगितली जाते. मुलांना वाचता येतं, लिहिता येतं. आता फक्त धडे पूर्ण करायचे. बहुतेक वर्गांत हे खरं नसतं. आणि ते खरं नाही हे कित्येक महिने लक्षातही येत नाही, कारण धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मुलं बरोबर लिहीत असतात.

ती कशी लिहितात हे पाहायचं असेल तर हे वाक्य घ्या: 'भोरट्या टिपशाने सकाळीच लगदुळी चिमखात ढोमली.' आता प्रश्न. लगदुळी कोणी ढोमली? भोरट्या टिपशाने. कधी ढोमली? सकाळीच. कशात? चिमखात. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण, आणि वाक्याला अर्थच नाही. प्रत्यय आणि वाक्यरचना यांवरून काहीही न समजता उत्तर उचलता येतं, आणि प्राथमिक वर्गांत हे कसब मुलांच्या चांगलं अंगवळणी पडलेलं असतं.

या वयाच्या मुलांकडून वाचन-लेखन करून घेण्याआधी ते त्यांच्यासमोर करून दाखवावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. गणिताच्या तासाला आपण फळ्यावर उदाहरण सोडवतो आणि प्रत्येक पायरी तोंडाने बोलतो. भाषेच्या तासाला मात्र धडा वाचला जातो, प्रश्न विचारले जातात, निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला जातो. वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय चालतं, ते मुलांना कुणी दाखवत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १: आधी प्रत्येकाचं वाचन ऐका

पहिले दोन-तीन आठवडे यासाठी राखून ठेवा. 'अभ्यासक्रम मागे पडेल' ही भीती वाटेल, पण हे न करता पुढे गेलात तर वर्षभर अंदाजाने शिकवावं लागेल.

पाठ्यपुस्तकात नसलेला, साधारण दीडशे शब्दांचा एक उतारा निवडा. पाठ्यपुस्तकातला नको, कारण तो काही मुलांना पाठ असतो. त्याच्या दोन प्रती काढा, एक मुलाकडे आणि एक तुमच्याकडे. बाकी वर्ग मूकवाचन किंवा एखादा छोटा स्वाध्याय करत असताना एकेकाला बाजूला बोलवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. पाच-सहा मिनिटं पुरतात. वर्गाचा पट मोठा असेल तर ज्यांच्याबद्दल शंका वाटते त्यांच्यापासून सुरुवात करा आणि जी मुलं कधीच हात वर करत नाहीत त्यांना विसरू नका.

मूल वाचत असताना तुमच्या प्रतीवर खुणा करा. कोणता शब्द गाळला, कोणत्या शब्दाच्या जागी दुसरा वाचला, कुठे अडखळलं, कुठे चुकून स्वतःच परत येऊन सुधारलं. ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. जे मूल स्वतःहून मागे येतं, ते अर्थाकडे लक्ष ठेवून वाचत असतं. 'घर'ऐवजी 'घार' वाचून कसलीही शंका न येता पुढे जाणारं मूल फक्त अक्षरं उच्चारत असतं.

वाचून झालं की उतारा झाकून विचारा, "काय होतं यात? तुझ्या शब्दांत सांग." त्यानंतर तितक्याच अवघड असा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. हा दुसरा भाग बरेच जण गाळतात, पण खरी माहिती त्यातूनच मिळते. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. इथे गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येतं. स्वतः वाचलेलं समजत नाही पण ऐकलेलं छान समजतं, अशा मुलाची अडचण अक्षरांत आहे. घडाघडा वाचतं पण ऐकलेलंही सांगता येत नाही, त्याची अडचण शब्दसंग्रहात, वाक्यरचनेत किंवा विषयाच्या माहितीत आहे. दोघांना गुण सारखेच कमी पडतात, पण दोघांना शिकवायचं मात्र वेगवेगळं.

अवघडपणाचा एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवा. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त चुका होत असतील तर तो मजकूर त्या मुलाला फार जड आहे. पाचच्या आत चुका असतील तर थोड्या मदतीने चालेल.

याच वेळी आणखी काही गोष्टी दिसतील. पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरणं, फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहणं, बोललेलं पुन्हा विचारणं. अशा मुलांची दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्यायला पालकांना सांगा. आणि बोलण्यात, समजण्यात चुणचुणीत असलेलं मूल कितीही सराव केला तरी वाचनात अडकूनच राहत असेल, तर वाचन-अक्षमतेची शक्यता धरून तज्ज्ञांकडे पाठवा. तोवर 'आळशी', 'लक्ष नाही' हे शब्द त्याच्यासाठी वापरू नका. ती मुलं इतरांपेक्षा जास्त कष्ट करून तेवढं वाचत असतात.

प्रत्येक मुलासाठी वहीत एक पान ठेवा. तारीख, उतारा, काय दिसलं, एवढंच लिहा.

पायरी २: अक्षरांत अडकलेल्यांना वेगळा वेळ द्या

प्रत्येक वर्गात अशी काही मुलं निघतात. संपूर्ण वर्गाला बाराखडीवर नेऊ नका. या मुलांचा छोटा गट करा आणि रोज पंधरा-वीस मिनिटं त्यांच्यासाठी काढा. आठवड्यातून एकदा तासभर देण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त कामाची.

साहित्य निवडताना वयाचं भान ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं चित्रमय पुस्तक दिलं की त्याला सगळ्यांदेखत लहान केल्यासारखं होतं आणि तो वाचायचं नाकारतो. प्राणी, खेळ, यंत्रं, अंतराळ, थरारक घटना अशा विषयांवर सोप्या वाक्यांत तुम्हीच आठ-दहा ओळी लिहून द्या. विषय मोठ्यांचा, वाक्यं सोपी.

आपल्या लिपीत मुलं साधारण तीन ठिकाणी अडकतात. पहिलं ठिकाण जोडाक्षरं. 'स्वातंत्र्य' हा शब्द समोर आला की अनेक मुलं पहिल्या अक्षरावरून अंदाज करून मोकळी होतात. बोटाने झाकत 'स्वा', 'तं', 'त्र्य' असे तुकडे वाचून घ्या आणि मग जोडा. दुसरं ठिकाण 'र'ची रूपं. 'सूर्य', 'क्रम', 'राष्ट्र' आणि 'वाऱ्यावर' या चार शब्दांत 'र' चार वेगळ्या आकारांत येतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी फळ्यावर लिहा; एकात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. एक छोटी खूण अर्थ कसा पालटते हे मुलांना चटकन पटतं.

तिसरं ठिकाण लांबलचक शब्द, आणि यावर सगळ्यात कमी काम होतं असं मला वाटतं. 'विद्यार्थ्यांमध्येसुद्धा' हा शब्द मुलाला एका दमात वाचायचा असतो. त्याला प्रत्यय सोलायला शिकवा: 'सुद्धा' काढा, 'मध्ये' काढा, उरलं 'विद्यार्थ्यां', म्हणजे मूळ शब्द 'विद्यार्थी'. रोज असे पाच शब्द सोला. याचा दुहेरी उपयोग होतो. वाचन सुटं होतं आणि शब्दकोश वापरता येतो. 'घोड्याला' हा शब्द कोशात शोधणाऱ्या मुलाला तो सापडत नाही, कारण कोशात 'घोडा' असतो. सामान्यरूपापासून मूळ शब्दाकडे जाता आलं तरच कोशाचं दार उघडतं.

वाचनाला ओघ यावा म्हणून तोच उतारा तीन-चार वेळा वाचून घेण्याची पद्धत चांगली उपयोगी पडते. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ती मांडली. पहिल्या वाचनाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, चौथ्या वाचनानंतर पुन्हा पाहा. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करा, शेजाऱ्याशी नको. आणि वेगाच्या नादात अर्थ सुटू देऊ नका. शेवटी 'काय वाचलंस?' हा प्रश्न हवाच.

एक प्रथा मात्र बंद करा: वर्गात ओळीने एकेकाला उठवून दोन-दोन वाक्यं प्रकट वाचन करायला लावणं. प्रत्येक मूल आपली पाळी कुठे येणार ते मोजत असतं, त्यामुळे बाकीचा धडा कुणीच ऐकत नाही. जे अडखळतं ते चारचौघांत अडखळतं. त्याऐवजी जोड्या लावा. दोघांनी आलटून पालटून वाचायचं, आणि अडलेल्याला तीन-चार सेकंद विचार करू दिल्यावरच सांगायचं.

पायरी ३: वाचताना डोक्यात काय चालतं ते बोलून दाखवा

आता संपूर्ण वर्ग. चार-पाच ओळींचा उतारा फळ्यावर लिहा किंवा प्रती वाटा. समजा उतारा असा आहे:

'वटवाघळं विश्रांती घेताना उलटी लटकतात. त्यांच्या पायांची रचना अशी असते, की शरीराच्या वजनानेच नख्या घट्ट मिटून राहतात. त्यासाठी स्नायूंना जोर लावावा लागत नाही. शिवाय, बहुतेक जातींना जमिनीवरून झेप घेणं अवघड जातं. उंचावरून सुटल्यावर मात्र हे काम सोपं होतं.'

तो वाचताना मी साधारण असं बोलते: "'त्यांच्या' म्हणजे वटवाघळांच्या, ठीक. 'वजनानेच नख्या घट्ट मिटून राहतात', इथे मी थांबले. मला मूठ मिटून धरायला जोर लागतो, यांना कसा लागत नाही? वजन खाली ओढतं आणि त्या ओढण्यानेच पकड घट्ट होते. म्हणजे झोप लागली तरी ती पडणार नाहीत! हे उताऱ्यात लिहिलेलं नाही, मी जोडलं. 'शिवाय' आलं, म्हणजे उलटं लटकण्याचं आणखी एक कारण येणार. 'हे काम', कोणतं काम? मागे जाऊन बघते. झेप घेण्याचं."

एवढ्या चार ओळींत किती गोष्टी घडल्या पाहा. सर्वनाम कुणासाठी आलं ते शोधलं, न कळलेल्या जागी थांबले, मागे गेले, स्वतःच्या अनुभवाशी पडताळलं, न लिहिलेलं अनुमान काढलं, एका जोडशब्दावरून पुढचा अंदाज बांधला. जी मुलं चांगलं वाचतात ती हे नकळत करतात. जी करत नाहीत त्यांना असं काही करायचं असतं हेच माहीत नसतं. चांगलं वाचणारा कधीच थांबत नाही, असा त्यांचा समज असतो. तुम्ही थांबलेलं, गोंधळलेलं आणि मागे गेलेलं त्यांनी पाहणं फार गरजेचं आहे.

आठवडाभर रोज पाच मिनिटं हे करा. मग मुलांना जोडीत असंच बोलत वाचायला सांगा. सुरुवातीला ती लाजतील, एखाद-दोन शब्द बोलतील. चालू द्या.

पुढचा टप्पा गटवाचनाचा. पॅलिन्सकार आणि ब्राऊन या दोघींनी १९८४ मध्ये मांडलेली एक पद्धत या वयासाठी अगदी योग्य आहे. त्यांनी ती सातवीतल्या, वाचता येतं पण समजत नाही अशा मुलांबरोबरच वापरून पाहिली होती. चौघांचा गट करायचा. एक परिच्छेद वाचला की गटाचा त्या वेळचा प्रमुख चार कामं करतो: परिच्छेदाचा सारांश सांगतो, त्यावर एक प्रश्न विचारतो, न कळलेली जागा दाखवून ती सोडवायचा प्रयत्न करतो आणि पुढे काय येईल याचा अंदाज सांगतो. पुढच्या परिच्छेदाला प्रमुख बदलतो. पहिले काही दिवस प्रमुख तुम्हीच व्हा, नाहीतर मुलं हे चार रकाने भरून मोकळी होतात. सगळ्यात जास्त वेळ 'न कळलेल्या जागे'वर द्या. "मला सगळं कळलं" हे उत्तर मी स्वीकारत नाही. सगळं कळलं असेल तर 'दुसऱ्याला कुठे अडेल?' ते सांग, असं म्हणते.

प्रश्न विचारायलाही शिकवावं लागतं. उत्तर एकाच वाक्यात सापडतं असा प्रश्न, दोन-तीन वाक्यं जोडून उत्तर मिळतं असा प्रश्न, आणि उतारा व स्वतःची माहिती एकत्र केल्याशिवाय उत्तर मिळत नाही असा प्रश्न, असे तीन प्रकार मुलांना सांगा आणि प्रत्येक प्रकारचा एक-एक प्रश्न त्यांच्याकडून तयार करून घ्या. लगदुळीच्या वाक्यावर फक्त पहिल्या प्रकारचे प्रश्न बनतात, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

पायरी ४: शब्द आणि माहिती

धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवून घेतल्याने शब्द येत नाही. आठवड्याला सहा-सात शब्दच घ्या, पण ते निवडून. 'दुंदुभी'सारखा एका धड्यापुरता शब्द अर्थ सांगून सोडून द्या. वेळ द्या तो 'परिणामी', 'तुलनेने', 'गृहीत', 'अनिवार्य', 'क्रमशः', 'उल्लेख', 'संदर्भ' अशा शब्दांना. हे शब्द बोलताना फारसे येत नाहीत, पण विज्ञान, इतिहास, भूगोल सगळीकडे भेटतात, आणि तिथे शिक्षक ते मुलांना येतात असं समजून चालतात. 'तथापि', 'अन्यथा', 'किंबहुना' हे जोडशब्दही यातच धरा. ते न कळल्यास अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा लागतो.

प्रत्येक शब्द सोप्या भाषेत समजावा, दोन वेगळ्या प्रसंगांत वापरून दाखवा, मुलांना वापरायला लावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काढा. शब्दांची कुटुंबं दाखवा: समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक, भूगोल-भौगोलिक, नीती-नैतिक. पहिल्या स्वरात होणारा बदल मुलांनीच ओळखायचा. एकदा ओळखला की 'औद्योगिक' हा अनोळखी शब्दही 'उद्योग'पर्यंत नेता येतो.

माहितीचं महत्त्व मात्र याहून मोठं आहे. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून गेली. म्हणून धडा सुरू करण्याआधीची दहा मिनिटं विषयाच्या गप्पांना, नकाशाला, एखाद्या वस्तूला किंवा चित्राला देणं म्हणजे वेळ घालवणं नाही. एकाच विषयावरचे तीन-चार लहान मजकूर लागोपाठ वाचले तर चौथ्यापर्यंत शब्दही ओळखीचे होतात आणि माहितीही.

पायरी ५: रोज थोडं मोकळं वाचन

पंधरा मिनिटं, आवडीचं पुस्तक, प्रश्न नाहीत. पुस्तक आवडलं नाही तर सोडायची मुभा. अक्षरांच्या गटाबरोबर नसाल तेव्हा तुम्हीही त्या वेळात वाचा, वह्या तपासू नका. आठवड्यातून एक-दोनदा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आठवीच्या मुलांनाही ते हवं असतं, मागत नाहीत इतकंच. मजकूर त्यांच्या वाचनाच्या एक पायरी वरचा निवडा, म्हणजे अजून स्वतः न वाचता येणारी भाषा कानावर पडते.

पायरी ६: लेखन वाक्यापासून सुरू करा

निबंध नंतर. आधी वाक्य. एक अर्धवट वाक्य तीन जोडशब्दांनी पुरं करायला द्या: 'वाळवंटात पाऊस कमी पडतो, कारण...', 'वाळवंटात पाऊस कमी पडतो, पण...', 'वाळवंटात पाऊस कमी पडतो, म्हणून...'. तीन वेगळे विचार करावे लागतात आणि तुम्हाला दोन मिनिटांत कळतं की भूगोल कुणाला समजला आहे.

दुसरा सराव वाक्यं जोडण्याचा. 'नदीला पूर आला. पूल पाण्याखाली गेला. लोक अडकले.' या तीन वाक्यांचं एक वाक्य करा. कुणी लिहील, 'नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेल्याने लोक अडकले.' कुणी लिहील, 'लोक अडकले, कारण पुरात पूल पाण्याखाली गेला होता.' दोन्ही फळ्यावर घ्या आणि विचारा, पहिल्यात जोर कशावर आहे, दुसऱ्यात कशावर? व्याकरणाचा तास वेगळा घेऊन व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. ग्रॅहम आणि पेरिन यांनी किशोरवयीन मुलांच्या लेखनावरील संशोधनाचा २००७ मध्ये आढावा घेतला, त्यातही सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारल्याचं दिसलं नाही. वाक्यं जोडणं, सारांश लिहिणं, लेखनाची आखणी शिकवणं आणि मिळून लिहिणं यांचा उपयोग दिसला.

मग परिच्छेद. इथेही आधी तुम्ही लिहा, फळ्यावर, मुलांसमोर, तयारी न करता. वाक्य लिहा, वाचा, नापसंत करा, खोडा. "हा शब्द तीनदा आला", "हे वाक्य आधी हवं होतं", "वाचणाऱ्याला हे कुठलं घर ते कळणार नाही" असं बोलत राहा. मुलांनी आजवर छापलेलं, तयार लेखनच पाहिलेलं असतं. खाडाखोड हा लेखनाचाच भाग आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं, आणि कोऱ्या पानाची भीती बरीच कमी होते.

लिहिण्याआधी बोलू द्या. जोडीदाराला दोन मिनिटं सांगायचं, जोडीदाराने दोन प्रश्न विचारायचे, मग लिहायचं. ज्याला तोंडी सांगता आलं नाही त्याच्याकडून लेखी येणार नाही.

निबंधातल्या ठोकळेबाज वाक्यांवर उपाय म्हणजे नेमके प्रश्न. 'पाऊस आला आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला' असं मुलाने लिहिलं तर 'चांगलं लिही' म्हणून काही होत नाही. विचारा: तू कुठे होतास? पहिला आवाज कशाचा आला? कुणाची धावपळ झाली? मग तोच मुलगा लिहितो, 'पत्र्यावर आवाज इतका वाढला की बाई काय बोलतायत ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.' हे वाक्य गाईडमध्ये मिळत नाही. असं एक जरी वाक्य सापडलं तरी ते वर्गात वाचून दाखवा.

वाचणारा कुणीतरी खरा असला की मुलं जपून लिहितात. एक खेळ करा. प्रत्येकाने एक भौमितिक आकृती काढून लपवायची आणि ती कशी काढायची याच्या सूचना लिहायच्या. जोडीदाराने फक्त सूचना वाचून आकृती काढायची, प्रश्न विचारायचे नाहीत. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की 'बाजूला रेघ काढ' या वाक्यात काय राहून गेलं ते तुम्हाला सांगावंच लागत नाही. विनंतीपत्र, सूचनाफलक, खालच्या वर्गातल्या मुलांसाठी गोष्ट, हे सगळं प्रत्यक्ष त्या त्या वाचकापर्यंत पोहोचू द्या.

पायरी ७: वह्या तपासताना

एखाद्या परिच्छेदात तीस चुका असतील तर तीसही लाल शाईने गोल करू नका. मूल त्या वाचत नाही; त्याला फक्त लाल पान दिसतं, आणि पुढच्या वेळी ते कमी लिहितं, म्हणजे चुका कमी होतील. वहीत दोनच गोष्टी लिहा. एक आशयाबद्दल, नेमकी: 'आजोबा गप्प का झाले, ते मला कळलं नाही. तिथे दोन वाक्यं हवीत.' दुसरी लेखनाच्या नियमाबद्दल, एकच. आणि मग ती सुधारायला त्याच तासाला दहा मिनिटं द्या. सुधारायला वेळ दिला नाही तर शेरा लिहिण्याचे श्रम वाया गेले.

शुद्धलेखनाचे नियम एकदम शिकवू नयेत. आज वापरात असलेल्या नियमांपैकी चौदा १९६२ मध्ये आणि पुढचे चार १९७२ मध्ये मान्य झाले, पण मुलांच्या बहुतेक चुका त्यांतल्या दोन-तीन नियमांतच येतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: पाणी, वस्तू, कवी, गुरू. समासात मात्र कविमन, गुरुदक्षिणा. 'आणि', 'परंतु', 'तथापि' हे वेगळे लक्षात ठेवायचे. दुसरा नियम शेवटून दुसऱ्या अक्षराचा: फूल, पूर, गरीब, पण प्रत्यय लागला की फुलाला, पुरात, गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: शरीर, शरीराला. एका नियमावर दोन-तीन आठवडे थांबा, मुलांना स्वतःच्या वहीत त्याची उदाहरणं शोधू द्या, आणि प्रत्येकाला आपल्या नेहमीच्या चुकांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवायला सांगा.

विरामचिन्हं मोठ्याने वाचून शिकवा. मुलाचा परिच्छेद त्याच्या जोडीदाराला वाचायला द्या. जिथे जोडीदाराचा दम सुटतो किंवा अर्थ घसरतो, तिथे चिन्ह हवं होतं. गळलेले शब्दही असेच सापडतात.

आणि मुलाच्या घरच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणू नका. उत्तरपत्रिकेत, अर्जात प्रमाण भाषा लागते, ती शिकवायचीच. पण गोष्टीतली आजी तिच्या बोलीतच बोलू दे. घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात, अशा जोड्या मुलांकडून गोळा करून घ्या. दोन्ही भाषा नीट ऐकणाऱ्या मुलाला प्रमाण भाषाही लवकर येते.

आठवड्याची मांडणी

आठवड्याला पाच तासिका मिळत असतील तर अशी विभागणी चालते. दोन तासिका धड्याचं वाचन, बोलून दाखवत आणि गटात. एक तासिका शब्द आणि वाक्यांच्या सरावाला. दोन तासिका लागोपाठ लेखनाला, पहिल्यात बोलणं आणि कच्चा मसुदा, दुसऱ्यात सुधारणा. मोकळं वाचन प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला, आणि अक्षरांच्या गटाचं काम त्याच वेळात. धडे सगळे सारख्याच खोलीने होणार नाहीत. तीन धडे नीट वाचून झाले की चौथा मुलं बऱ्याच अंशी आपापली वाचतात, तो झटपट घ्या.

दर तीन महिन्यांनी नवीन उतारा घेऊन पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा करा आणि मुलाच्या पानावर जुन्या खुणांशेजारी नव्या लिहा. ज्याच्या पानावर काहीच हललेलं नाही, त्याच्यासाठी तीच पद्धत आणखी जोराने लावू नका. त्याला ऐकून समजतं का, हे पुन्हा पाहा, आणि गट बदला.

शेवटची एक सूचना विज्ञान आणि इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल. पुढच्या आठवड्यात ते कोणता पाठ घेणार आहेत हे विचारा आणि त्याचं पहिलं पान भाषेच्या तासाला आणा. त्यातले जोडशब्द, सर्वनामं, लांब वाक्यं वर्गाबरोबर सोडवा. त्यांच्या तासाला मुलांचे हात वर जायला लागले की ते स्वतःहून पुढच्या पाठाचं पान घेऊन तुमच्याकडे येतील. तेव्हा त्यांना वटवाघळांच्या उताऱ्यासारखं बोलत वाचायचं कसं, ते शिकवा.